चाकांवरचा बैल : नागपूरचा तान्हा पोळा आणि प्रतिकृतीचा इतिहास

शर्यतीच्या मोटारींच्या लहान प्रतिकृती घडवणे, त्या मनाप्रमाणे रंगवणे-सजवणे आणि चारचौघांत मांडणे हा छंद सामान्यतः यंत्रयुगाचे आणि पाश्चात्त्य मध्यमवर्गाचे अपत्य मानला जातो. त्याला आधारही आहे. १९५३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॅनहॅटन बीच येथे, डॉन मर्फी या गृहस्थांनी बालवीरांसाठी ‘पाइनवूड डर्बी’ सुरू केली. पाइन लाकडाचा जेमतेम वीतभर ठोकळा, चार चाके आणि आसांसाठी चार खिळे एवढ्या सामग्रीतून मुलाने वडिलांच्या मदतीने मोटार कोरायची. तिचे वजन पाच औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम, याहून अधिक भरता कामा नये. उतरत्या फळीवरून ती केवळ गुरुत्वाकर्षणाने धावायची. हे वर्णन वाचताना नागपूरच्या वाचकाला मात्र दुसरेच काही आठवेल. लाकडाचा तुकडा, चार चाके, मुलाच्या हातातली दोरी, मागे उभे वडील आणि समोर परीक्षक हे सारे तान्ह्या पोळ्यातही असते. फरक इतकाच की नागपूरच्या चाकांवर मोटार नसून बैल असतो.

हा फरक वरवरचा आहे की मुळातला, याचा विचार या लेखात करायचा आहे. विदर्भात शर्यतीचे पारंपरिक वाहन म्हणजे बैलजोडी. येथे त्या शर्यतीला ‘शंकरपट’ किंवा नुसते ‘पट’ म्हणतात. हलक्या दुचाकी गाडीला जुंपलेली जोडी सरळ धावपट्टीवरून सुटते, तिला हाकणाऱ्यास ‘धुरकरी’ म्हणतात आणि निकाल सेकंदांवर ठरतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट सर्वज्ञात आहे. तेव्हा नागपूरच्या मुलाच्या दोरीला बांधलेला लाकडी बैल हा एका अर्थाने शर्यतीच्या वाहनाचीच प्रतिकृती ठरतो. पण प्रतिकृती म्हणजे नुसती लहान केलेली वस्तू नव्हे. भाषांतराप्रमाणे तीही मूळ संहितेतले काही उचलते आणि काही सोडून देते. तिने काय सोडले, हे पाहिल्यावाचून तिचे वाचन पुरे होत नाही.

श्रावण अमावस्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, तान्हा पोळा असा विदर्भातील क्रम आहे. पहिल्या दिवशी खरे बैल तोरणाखाली उभे राहतात. दुसऱ्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात, मग घरोघरी जाऊन बोजारा मागतात. नागपुरात याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघत असल्याने सारे शहर रस्त्यावर असते. तान्ह्या पोळ्याची प्रथा दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली, असे परंपरा सांगते. त्यांची कारकीर्द १७८८ ते १८१६ अशी. खरे बैल आवरणे मुलांच्या हाताबाहेरचे. तरीही बैलाचे महत्त्व त्यांच्या मनावर ठसावे, म्हणून त्यांना लाकडी बैल दिले, असा या कथेचा आशय आहे. महालातील भोसल्यांच्या वाड्यातून निघणारा मोठा लाकडी बैल त्या स्मृतीशी जोडलेला आहे.

कथेतला हेतू शिक्षणाचा आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु एखादी प्रथा राजाच्या इच्छेने सुरू होऊ शकते, टिकते मात्र लोकांच्या गरजेने. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली आणि १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. शेत सोडून गिरणीकडे, कचेरीकडे, दुकानाकडे वळलेल्या कुटुंबांच्या दारात बैल उरला नाही. पोळा मात्र त्यांच्या पंचांगात होता. ज्यांच्यापाशी बैल नाही त्यांचा पोळा म्हणजे तान्हा पोळा, असे या सणाचे नागरी रूप आम्हांस दिसते. राज्य गेल्यावरही तो शहरात रुजत गेला याचे एक कारण येथे असावे.

आता या बैलाच्या घडणीकडे पाहू. सागवानी वा तत्सम लाकडाचा बैल एका पाटावर उभा असतो आणि पाटाला चार चाके असतात. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून मुलाला वर बसता येईल अशा बैलापर्यंत त्याची मापे असतात. बैलाला चाके नसतात, ती गाडीला असतात; खेळण्याने मात्र गाडी काढून टाकली आणि तिची चाके बैलाच्या पायांखाली दिली. जो ओढतो तोच येथे ओढला जातो.

ही युक्ती फार जुनी आहे. १९७४ मध्ये अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे, चार ब्राँझशिल्पे सापडली. त्यांतील गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. चौथे शिल्प, म्हणजे हत्ती आणि या दोघांखेरीज उरलेले, दोन बैल जुंपलेल्या रथाचे आहे. त्याची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, रुंदी १६ सेंटिमीटर, आणि त्यात उभा असलेला सारथीही सुमारे १६ सेंटिमीटर उंच आहे. ही शिल्पे सामान्यतः उत्तर-हडप्पा काळाशी जोडली जातात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काही संशोधकांनी या कालनिर्णयाबद्दल शंकाही घेतल्या आहेत. काळ कोणताही ठरो, दायमाबादच्या कारागिराने जोखड ठेवले, गाडी ठेवली आणि हाकणारा माणूसही ठेवला. नागपूरच्या लाकडी बैलापाशी यांतले काहीच नाही. तो सुटा आहे, मोकळा आहे, आणि सजलेला आहे.

सजावट हाच या छंदाचा प्राण होय. पाठीवर झूल, कपाळी बाशिंग, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, अंगावर गेरूचे ठिपके असा खऱ्या बैलाचा सारा साज लहान मापात उतरवला जातो, आणि परीक्षक गुण देतात ते याच कामाला. पाइनवूड डर्बीत मोटारीचा रंग गौण आणि वेग मुख्य. तान्ह्या पोळ्यात वेगाला स्थानच नाही. शर्यत वगळून उरतो तो साज.

परंतु साजाबरोबर विषमता येते, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचे नावच एका खेळण्यावरून पडले आहे. देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. त्यात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आपली मातीची गाडी नाकारतो आणि रडू लागतो. वसंतसेना स्वतःचे अलंकार त्या मातीच्या गाडीत भरते. पुढे हेच अलंकार न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा होतात आणि तो वधस्तंभापर्यंत पोहोचतो. खेळण्याची सजावट निष्पाप नसते, तिच्यात मोठ्यांच्या जगातील ऐपत आणि अपमान शिरलेले असतात, हे शूद्रकाने इतक्या पूर्वी जाणले होते. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत मुलाएवढ्या उंचीच्या, भरजरी झुलीच्या बैलाशेजारी वीतभर, एकरंगी बैल उभा असतो, तेव्हा रोहसेनाचे रडणे आठवल्यावाचून राहत नाही. खऱ्या पोळ्यातही श्रीमंताचा आणि गरिबाचा बैल असतो. पण तेथे काटक अंग आणि केलेली मेहनत यांची पारख करणारे डोळे असतात. लाकडी बैलाची पारख करायला साजाखेरीज दुसरे साधन नाही.

आमच्या मते प्रतिकृतीने वगळलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे खांदा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जुवाखाली घासलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप वा लोणी लावून तो शेकला जातो. सणाचा नैतिक गाभा या विधीत आहे, कारण येथे माणूस आपण दिलेल्या वेदनेची कबुली देतो. तान्ह्या पोळ्यात पूजा आहे, नैवेद्य आहे, मिरवणूक आहे. खांदशेकणीला तेथे अर्थ नाही, कारण लाकडी खांद्यावर घट्टा पडत नाही. कृतज्ञता उरली, पण ती कोणत्या ऋणापोटी हे दिसेनासे झाले.

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. पटातील बैलांच्या वेदनेवर या देशात मोठा वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. त्याच काळात बैल स्वतः ओसरत होता. पशुगणनेनुसार देशातील गोवंशातील नरांची संख्या २०१२ मध्ये सुमारे ६ कोटी ७९ लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ४ कोटी ७४ लाखांवर आली. सात वर्षांत जवळजवळ तीस टक्क्यांची घट! गावातही आता ट्रॅक्टरचा पोळा भरलेला दिसतो. ज्या मुलांना बैलाची ओळख व्हावी म्हणून लाकडी बैल आला, त्यांच्यातील अनेकांना पुढे तो एकच बैल ठाऊक असेल.

दायमाबादच्या कारागिराचे गाव नाहीसे झाले, पण त्याची प्रतिकृती उरली. तीवरून त्या काळी बैल जुंपला जात होता, त्याच्यामागे माणूस उभा होता, हे आपण सांगू शकतो. आमच्या काळातील केवळ लाकडी बैलच उद्याच्या उत्खननात हाती आला, तर संशोधक त्याला बहुधा देवता ठरवील. त्याच्यावर नांगराचा भार होता, हे त्या चार चाकांवरून कळणार नाही. ते सांगण्याची सोय खेळण्याबाहेर आहे: पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्यांत, खांदशेकणीच्या शब्दांत, औतापासून कासऱ्यापर्यंतच्या वैदर्भी शब्दसंपत्तीत. लाकडी बैल पुढच्या पिढीकडे सहज जाईल, बाजार त्याची काळजी घेईल. हे शब्द टिपून ठेवण्याचे काम मात्र आपल्याकडे, भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांकडे, येते. आणि त्यासाठी बैल व झडत्या दोन्ही पाहिलेली माणसे आपल्यात आहेत तोवरच हाताशी वेळ आहे.