पेवातील चलन

इंद्रायणीकाठची चिखली आज कारखान्यांच्या पट्ट्यात मोडते. येथे साठवण म्हटली की भंगाराची गोदामे आठवतात. याच परिसराने १६३०-३२ चा भीषण दुष्काळ सोसला. नदीच्या वरच्या अंगाला, देहूस, तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते. तरी त्यांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी नमूद करतो, की भाकरीसाठी जीव विकावयास काढला तरी घेणारा मिळत नव्हता. धान्यच नसेल तर नाणे कशाचे मोल करणार?

आमच्या कुणब्यास हे ठाऊक होते. कठीण मुरुमात पेव खणावे, आत कडब्याचे अस्तर द्यावे, ज्वारी भरून तोंड दगडाने व शेणमातीने लिंपावे. उघडल्यावर कोंडलेली हवा निघून गेल्याखेरीज कोणी आत उतरत नसे; त्या हवेने माणसे दगावत.

ही ज्वारी केवळ खाण्यासाठी नव्हती. सुतार, लोहार, कुंभार यांचे बलुते धान्यातच चुकते होई. मीठ मात्र गावात पिकत नसे. कोकणातून वंजाऱ्यांच्या बैलांवर ते घाट चढून येई आणि त्याच्या बदली धान्य जाई. जादा ज्वारी असणाऱ्यास मीठ मिळे, नांगराचा फाळही मिळे.

या व्यवस्थेचे गोडवे गाणे मात्र आम्हांस जमत नाही. ज्यास जमीन नाही, त्यास पेव कोठले? त्याच्यापाशी बदली द्यावयास फक्त श्रम, आणि अवर्षणात त्यांना गिऱ्हाईक नसे. उरे ते कर्ज. परंपरा सांगते, की दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली.