पैठणहून समुद्राकडे

गेल्या उन्हाळ्यात कोकणात जायचे ठरले आणि आमच्या घरात नकाशा पसरला गेला. मुलीला समुद्रकिनारा हवा होता, मुलाला रानातली जनावरे बघायची होती, जावयांना वाटेत नाशिककडच्या वाइनची चव घ्यायची होती आणि मला घाटाचा रस्ता. ऐंशी वर्षांची आई तेवढी गप्प होती. तिने आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. "आपला मराठवाड्याचा नि समुद्राचा काय संबंध?" एवढेच ती म्हणाली.

श्रोतेहो, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात असतो. त्याचे उत्तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकात आहे. 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हे त्याचे नाव. ते ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अज्ञात माणसाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिले. त्यात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर, असे अंतर दिले आहे. पैठणचे अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरचे कापड गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जाई.

गंमत म्हणजे आमच्या घरातल्या साऱ्या मागण्या या पुस्तकात सापडतात! दख्खनच्या डोंगरांत वाघ, बिबटे, हत्ती, तरस असल्याचे लेखक सांगतो. भडोचला उतरणाऱ्या मालात मद्य आहे आणि त्यातही इटलीच्या मद्याला पहिली पसंती. हे मद्य ज्या उंच, दोन कानांच्या कुंभांतून येई, त्यांची खापरे नेवाशाच्या उत्खननात मिळाली आहेत. नेवासे आपल्या पैठणपासून किती लांब आहे?

कल्याणचा उल्लेखही आहे, पण तो सावधगिरीचा. तिथला व्यापार अडवला गेला होता आणि चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. म्हणजे दख्खनच्या राजकारणाचे पडसाद थेट समुद्रावर उमटत होते.

मग मी बेत बदलला. पैठण, नेवासे, जुन्नर आणि नाणेघाटाचा माथा, तिथून माळशेजने खाली कल्याण आणि पुढे अलिबाग. जावयांनी वाइनचा हट्ट सोडला.

नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. आईने त्याच्या काठावर हात ठेवला, खाली कोकणाकडे पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या लांब आपलीच माणसं यायची होय?"

दुसऱ्या दिवशी अलिबागला ती घोटाभर पाण्यात उभी राहिली. संबंधाचा प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)