रोबोटिक्समधील उद्योग-विद्यापीठ सहकार्य आणि केजची ऊसतोड

परिसर ओळखून, निर्णय घेऊन स्वतः हालचाल करणारी यंत्रे घडवण्यासाठी शिक्षणसंस्था, संशोधन प्रयोगशाळा आणि कारखानदार यांनी मिळून केलेले काम म्हणजे रोबोटिक्समधील उद्योग-विद्यापीठ सहकार्य. या नोंदीत त्याचा विचार बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या संदर्भात केला आहे. मांजरा नदीवरचे धरण याच तालुक्यात धनेगावला आहे आणि आनंदगाव (सारणी) येथे साखर कारखानाही आहे. तरीही तालुक्यातील असंख्य कुटुंबे दर हंगामात कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. रोबोटिक्सच्या इतिहासातून एक गोष्ट दिसून येते. प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्या जोडीला, ज्याची अडचण खरी आहे आणि ती सुटावी म्हणून जो पैसे मोजतो असा तिसरा पक्ष असतो, तेव्हाच यंत्र प्रत्यक्ष कामाला लागते. ऊसतोडणीत हा तिसरा पक्ष अजून उभा राहिलेला नाही. केजसारख्या तालुक्यांपर्यंत रोबोटिक्स न पोहोचण्याचे मुख्य कारण तेच आहे.

१९६१ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक रोबो बसवला गेला. त्यामागे जॉर्ज डेव्हॉल यांचा शोध आणि जोसेफ एंगेलबर्गर यांची उद्योजकता होती. १९६९ मध्ये व्हिक्टर शाइनमन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विजेवर चालणारा, संगणकाच्या आज्ञेत राहणारा यांत्रिक हात तयार केला. तो बराच काळ संशोधकांचेच साधन होता. लहान सुटे भाग जोडण्यासाठी जनरल मोटर्सला असा हात हवा झाला, तेव्हा युनिमेशन कंपनीने शाइनमन यांच्या रचनेवरून १९७८ मध्ये ‘प्यूमा’ बाजारात आणला. विद्यापीठाची कल्पना आणि कंपनीचे कौशल्य आधीपासून होते. गिऱ्हाइकाने गरज नेमकी सांगितल्यावर त्यांचे उत्पादन झाले.

महाराष्ट्रातील यशस्वी उदाहरणांतही हाच क्रम आढळतो. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळेने बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित रोबो विकसित केला. कंपन्यांनी त्याचे उत्पादन केले आणि २०११ मध्ये तो लष्कराच्या हाती आला. पायऱ्या चढता याव्यात, संशयित वस्तू दुरून उचलता यावी, अशा अटी वापरणाऱ्याच्या कामातूनच येत होत्या. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी उभारलेल्या आयडियाफोर्ज कंपनीला संस्थेच्या उद्योजकता केंद्राचा आधार मिळाला. तिचे ‘नेत्र’ ड्रोन याच संरक्षण प्रयोगशाळेच्या सहकार्याने घडले आणि सुरक्षा दलांच्या उपयोगी पडले. ‘फायर बर्ड ५’ हा शैक्षणिक रोबो आयआयटी मुंबईच्या संगणक विभागाची प्रयोगशाळा आणि नेक्स रोबोटिक्स ही कंपनी यांनी मिळून घडवला. ‘ई-यंत्र’ प्रकल्पामुळे तो देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत गेला. लष्कर असो, पोलीस असो की महाविद्यालय, प्रत्येक ठिकाणी घेणारा ठरलेला होता आणि त्याची मागणी स्पष्ट होती.

ऊसतोडणी मात्र यंत्राच्या दृष्टीने अवघड काम आहे. साखरेचे प्रमाण बुडख्याकडे अधिक असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. पाते थोडे वर राहिले तर साखर शेतात राहते, खाली गेले तर माती कारखान्यात जाते आणि खोडव्याचे बेट उखडते. वाढे छाटणे, पाचट काढणे, मोळी बांधणे आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे ही पुढची कामे. अनुभवी तोडकरी पाचटाआड दडलेला बुडखा अंदाजाने ओळखतो. कॅमेऱ्याला तो दिसत नाही. सध्याची तोडणी यंत्रे मूळ ऑस्ट्रेलियातली. बंडाबर्गच्या टॉफ्ट बंधूंच्या उद्योगातून ‘ऑस्टॉफ्ट’ हे नाव रूढ झाले आणि आता त्या मालिकेतील यंत्र चाकणला तयार होते. हे यंत्र उसाच्या कांड्या करते, त्या लवकर गाळाव्या लागतात. त्याला सरींत चार-पाच फुटांचे अंतर आणि वळायला जागा लागते. वाऱ्याने आडवा पडलेला ऊस, ओली काळी जमीन आणि अर्ध्या-पाऊण एकराचे तुकडे यांत त्याची अडचण होते. म्हणजे यंत्र आले, पण इथल्या शेताला साजेशी जाण त्याच्यात आली नाही. ती देणे हेच रोबोटिक्सचे काम आहे.

त्यासाठीची सामग्री मराठवाड्यात अगदीच नाही असे नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि जागतिक बँक यांच्या साहाय्याने रोबो, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर आधारित डिजिटल शेतीचे केंद्र सुरू झाले. केजच्या शेजारी अंबाजोगाईत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. २०२५ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागाने बीड येथे सुमारे १९१ कोटी रुपयांच्या नवोपक्रम व प्रशिक्षण केंद्राला मान्यता मिळाली. उणीव आहे ती या सर्वांना एकाच प्रश्नावर बांधणाऱ्या गिऱ्हाइकाची, आणि ती जागा साखर कारखानेच घेऊ शकतात. त्यांना हे नवे नाही. १९७५ मध्ये सहकारी कारखान्यांनीच पुण्याजवळ मांजरी येथे संशोधन संस्था उभी केली, ती आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. ऑस्ट्रेलियात ऊस उत्पादक आणि कारखाने उसाच्या टनामागे सारखा वाटा देतात आणि त्या निधीतून ‘शुगर रिसर्च ऑस्ट्रेलिया’ ही संस्था विद्यापीठांकडून संशोधन करून घेते. जो पैसा देतो तोच प्रश्न विचारतो, म्हणून संशोधन शेतापासून दूर जात नाही. महाराष्ट्रातही टनामागे ठरावीक रक्कम केवळ तोडणी व भरणीच्या यंत्रांसाठी राखून ठेवली, तर परभणी, अंबाजोगाई आणि चाकण यांना एकत्र आणता येईल.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप रोजगाराचा आहे. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून मुकादम उचल देतो. रोबो आला तर ही जोडी कुठे जाईल? हा प्रश्न टाळून चालणार नाही. पण आजची परिस्थिती जपण्यासारखी आहे असेही म्हणता येत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीची माहिती आली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. खाडा परवडत नाही, दुखणे अंगावर काढावे लागते, अशा कामाचे रक्षण म्हणजे कामगाराचे रक्षण नव्हे. शिवाय यंत्रे येतच आहेत. तोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान शासनाने जाहीर केले. पण एक कोटीच्या घरातले यंत्र भांडवल असणाराच घेऊ शकतो. म्हणून सहकार्याचा पहिला विषय मोळी उचलून गाडीत भरणारे, टोळीला गटाने घेता येईल असे लहान यंत्र हा असावा. त्याने माणसाचे काम जात नाही, मानेवरचे आणि कमरेवरचे ओझे जाते. यंत्र चालवण्याचे आणि दुरुस्तीचे प्रशिक्षण बीडच्या नव्या केंद्रात ऊसतोड कुटुंबांतील मुलामुलींना आधी मिळाले पाहिजे.

दुसरा आक्षेप शिक्षणक्षेत्रातून येतो: उद्योगाच्या नादी लागले की विद्यापीठ त्याचे कंत्राटदार होते. ही भीती निराधार नाही. २०१५ मध्ये उबर कंपनीने अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबोटिक्स केंद्रातून सुमारे ४० जणांना एकदम आपल्याकडे घेतले आणि चालते केंद्र ओस पडण्याची वेळ आली. मात्र ती घटना एकाच श्रीमंत कंपनीवर विसंबण्याचा धोका दाखवते. अनेक कारखान्यांच्या सामाईक निधीवर चाललेले संशोधन एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाही आणि त्याचे निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवण्याची अट घालता येते. तिसरा आक्षेप असा की, लहान तुकड्यांच्या शेतीत रोबो परवडणार नाही. मोठ्या यंत्रापुरता तो खरा आहे. लहान यंत्र भाड्याने शेतोशेत फिरू शकते आणि कारखान्याचा तोडणी कार्यक्रम आधीपासून आखलेला असल्याने त्याचा दिवस रिकामा जाणार नाही.

रोबोटिक्समध्ये महाराष्ट्राची गुणवत्ता सिद्ध झाली आहे. सीमेवरच्या जवानासाठी आणि महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी ती उपयोगी पडली. ऊसतोड कामगारासाठी ती वापरायची तर कारखान्यांनी निधी द्यावा, विद्यापीठांनी प्रश्न शेतात जाऊन समजून घ्यावा आणि यंत्राच्या चाचणी समितीत तोडकरी स्त्री-पुरुषांना मताधिकारासह जागा द्यावी. या तीन अटी पाळल्या नाहीत, तर केज तालुक्याच्या लेखी असे सहकार्य कागदावरचेच ठरेल.