सुन्न हाताला कोण सांगणार? कुष्ठरोग, कोकण आणि रुग्णाला समजावण्याचा इतिहास

१/
पनवेलहून माथेरानच्या डोंगराच्या दिशेने निघाले की वाटेत नेरे हे गाव लागते. तेथे कुष्ठरोग निवारण समितीचे ‘शांतिवन’ आहे. पनवेलकरांना हे नाव अपरिचित नाही. अशा संस्थांचा इतिहास आपण बहुधा करुणेचा इतिहास म्हणून वाचतो. आजच्या थ्रेडमध्ये तो दुसऱ्या बाजूने पाहू: रुग्णाला त्याचा आजार कोणी, केव्हा आणि किती समजावून सांगितला?

२/
त्यासाठी कुष्ठरोगच का निवडायचा? कारण या आजारात माहिती हा उपचाराचाच एक भाग आहे. हिवतापाच्या रुग्णाला हिवताप म्हणजे काय हे ठाऊक नसले तरी गोळी आपले काम करते. कुष्ठरोगाचा जंतू मात्र त्वचेखालच्या नसांवर घाला घालतो. औषधाने जंतू मेला, तरी उशीर झाला असेल तर बधिर हात बधिरच राहतो. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजते आणि बाईला ते कळते संध्याकाळी, फोड दिसल्यावर. वेदना हा शरीराचा पहारेकरी. तो निघून गेला की त्याचे काम डोळ्यांनी आणि सवयीने करावे लागते. ही सवय सुईतून टोचता येत नाही. ती समजावूनच द्यावी लागते.

३/
एकोणिसाव्या शतकात असे समजावण्याचा प्रश्नच कोणी उपस्थित केला नव्हता. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवून दिला. त्यामुळे रोग पूर्वजन्मीच्या पापाने किंवा केवळ आनुवंशिकतेने होतो या समजुतीला धक्का बसायला हवा होता. प्रत्यक्षात भीती वाढली. १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णाला वॉरंटाशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसाला दिला. ‘निर्धन’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. रोग तोच, पण रस्त्यावर बसलेल्याला अटक आणि माडीवर राहणाऱ्याला घरचा वैद्य. या कायद्यातला रुग्ण ही हलवण्याची वस्तू होती, सांगण्यासवरण्याची व्यक्ती नव्हे.

४/
मुंबईतील माटुंगा-वडाळा परिसरातले निराधार कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान १८९० चे. ते उभारणाऱ्या पालिका आयुक्त ॲकवर्थ यांचे नाव पुढे त्या रुग्णालयाला मिळाले. मराठी वाचकाला हे नाव दुसऱ्याही कारणाने ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापणारे ॲकवर्थ ते हेच. गावोगावच्या शाहिरांचे शब्द टिपून ठेवणाऱ्या माणसाने उभारलेल्या या जागेतल्या रुग्णांचे शब्द कोणी टिपले असते, तर आज केवढा ठेवा हाती असता!

५/
औषध म्हणावे तर कडू कवठीचे तेल. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटात हे झाड उगवते. तेलाची इंजेक्शने दुखत, आणि गुण येईलच याची शाश्वती नसे. १९४० च्या दशकात सल्फोन गटातील औषधे आली. त्यांतले डॅप्सोन स्वस्त होते, पोटात घेता येत होते, आणि प्रथमच ‘हा रोग आटोक्यात येतो’ असे रुग्णाला खरेपणाने सांगणे शक्य झाले. परंतु गोळी वर्षानुवर्षे घ्यायची होती. ज्याला का हे कळलेले नाही, तो वर्षानुवर्षे गोळी घेत नाही.

६/
याच सुमारास वेल्लोरला शल्यविशारद पॉल ब्रँड एका कोड्यामागे लागले होते. कुष्ठरोगात बोटे ‘सडून गळतात’ असे सर्व जग मानत होते. डॉक्टरही त्याला अपवाद नव्हते. ब्रँड प्रत्येक जखमेची चौकशी करू लागले: ही केव्हा झाली, तू तेव्हा काय करीत होतास? उत्तरे साधी होती. गरम भांडे, घट्ट चप्पल, जोर लावून फिरवलेली किल्ली. काहींची बोटे रात्रीतून कुरतडलेली आढळली. पाळत ठेवल्यावर कळले की उंदीर येतात आणि झोपलेल्याला पत्ताही लागत नाही. मग रुग्णांना मांजरे देण्यात आली.

७/
गोष्ट विनोदी वाटेल, पण वैद्यकाच्या इतिहासात हे वळण मोठे आहे. बोटे रोगामुळे झडत नाहीत, न कळलेल्या इजांमुळे झिजतात. म्हणजे ती वाचवणे पुष्कळसे रुग्णाच्याच हाती आहे. त्याआधी ‘हे असेच होणार’ हेच ऐकत आलेल्या माणसाला आता ‘रोज संध्याकाळी तळवे बघ’ असे सांगता येऊ लागले. आणि हे ज्ञान डॉक्टरांना मिळाले तेही रुग्णांना विचारल्यामुळेच. केवळ सूक्ष्मदर्शकाखाली ते कधीच दिसले नसते.

८/
महाराष्ट्रात या विचाराला व्यवस्थेचे रूप मिळाले ते वर्ध्याला. सेवाग्रामात गांधीजींनी परचुरे शास्त्रींची केलेली शुश्रूषा सर्वांना ठाऊक आहे. छायाचित्रही प्रसिद्ध आहे. त्यामानाने १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे आणि डॉ. वारदेकर यांचे काम फार थोड्यांना माहीत असते. त्यांनी घडवलेल्या पद्धतीचे तीन शब्द होते: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. क्रम पाहा. शिक्षण उपचाराच्या आधी आहे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

९/
हे शिक्षण देणार कोण? डॉक्टर मूठभर होते. म्हणून एक नवा माणूस तयार झाला, सरकारी भाषेत ‘अवैद्यकीय सहाय्यक’. नावातच ‘नाही’ असलेले हे पद! पण गावात घरोघर जाणारा, चट्टा पाहणारा, गोळ्या देणारा आणि रुग्णाच्या घरचे पाणी पिणारा हाच होता. कुष्ठरुग्णाच्या घरी सरकारी माणूस पाणी पितो, हे शेजाऱ्यांना दिसणे म्हणजे एक भाषणच असे.

१०/
त्याची तपासणी कशी चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे. कापसाची वात किंवा पेनचे टोक अंगाला हलकेच लावायचे. जेथे कळले तेथे त्याने बोट ठेवायचे. चांगल्या त्वचेवर बोट अचूक पडते, चट्ट्यावर पडतच नाही. मग डोळे उघडून पुन्हा तेच करायचे: बघ, मी येथे टेकवतो आहे आणि तुला कळत नाही. निदान आणि समजावणे एकाच कृतीत होते. रुग्णाला कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. पुरावा त्याच्याच अंगावर असतो.

११/
भाषेचा अडथळा मात्र मोठा होता. ‘महारोग’ म्हटले की ऐकणारा तेथेच खचतो. काही जण ‘रक्तपिती’ म्हणत, त्यातून रक्त दूषित झाल्याची समजूत घट्ट होई. उलट अंगावरच्या कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणण्याची चाल, त्यामुळे ज्याला हा रोग नाही तोही वाळीत पडे. कोड सुन्न नसते आणि ते कोणालाही लागत नाही, हे सांगण्यात कार्यकर्त्यांचा किती वेळ गेला असेल! ‘कुष्ठरोग’ हा शब्द रूढ झाला, पण गावात बोलताना ‘सुन्न चट्टा’ हेच दोन शब्द जास्त कामाचे ठरले. ते घाबरवत नाहीत आणि काय शोधायचे ते नेमके सांगतात.

१२/
आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात. तेव्हा तो कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले. अलिबाग तालुक्यात, मुंबईच्या समुद्रापलीकडे मांडवा आहे. तेथे सत्तरच्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी एक प्रयोग मांडला. अंतिया हे जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे सरळ करण्याची, बसलेली नाके उभारण्याची त्यांची ख्याती होती. पण एक हात सुधारावा तोवर गावात दहा हात बिघडत असतात, हे शल्यगृहात उभे राहून थांबवता येत नाही, ते त्यांना उमगले.

१३/
मांडव्याच्या प्रयोगात सुमारे तीस गावे आणि तीस हजार लोकसंख्या होती. गावातल्याच, फारसे शिक्षण न झालेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. कुष्ठरोग आणि क्षयाची शंका ओळखणे, औषध चालू ठेवून घेणे, गरोदर बाईची विचारपूस करणे ही त्यांची कामे. सेविका चट्टा ओळखे याचे कारण ती त्या घरातल्या माणसांना रोजच पाहत असे. आणि सांगे ती आगरी-कोळी बोलीत, विहिरीवर किंवा चुलीपाशी. १९७५ मध्ये अंतियांनी स्थापन केलेल्या संस्थेने पुढे हा विचार पुणे जिल्ह्यात परिंचे खोऱ्यात नेला.

१४/
मांडव्याचा प्रयोग दहा-एक वर्षांत गुंडाळावा लागला. तो वैद्यकीयदृष्ट्या फसला म्हणून नव्हे. स्थानिक पुढारी आणि सरकारी आरोग्ययंत्रणा यांना तो रुचला नाही. १९८६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंतियांनी या अनुभवाचा लेखाजोखा मांडला. चौथी शिकलेली बाई जर रोग ओळखू लागली आणि ‘ही सुई तुला नको’ असे शेजारणीला सांगू लागली, तर कोणाकोणाचे महत्त्व कमी होते याचा हिशेब फार अवघड नाही. माझ्या मते कोकणाच्या आधुनिक इतिहासातील हा एक दुर्लक्षित पराभव आहे.

१५/
ऐंशीच्या दशकात बहुविध औषधोपचार आला: डॅप्सोनच्या जोडीला रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन. आयुष्यभराची गोळी संपली. जास्त जंतू असलेल्या प्रकारात आधी दोन वर्षे, पुढे एकच वर्ष. औषध अठ्ठावीस दिवसांच्या पाकिटात येई आणि महिन्याची पहिली मात्रा कर्मचाऱ्यासमोर घ्यायची असे.

१६/
पण या औषधांनी समजावण्याची गरज उलट वाढवली. रिफॅम्पिसिन घेतले की लघवी लाल होते. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. उपचार संपल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते. हे आधी सांगितले नाही तर रुग्णाला काय वाटेल? रक्त जाते आहे, अंग काळे पडते आहे, औषधच खाते आहे. आणि ज्या बाईने गावापासून रोग लपवला, तिचा चेहराच आता बातमी फोडतो. पाकीट विहिरीत जाण्यामागे ‘अडाणीपणा’ नव्हता, आधी न सांगितलेले एक वाक्य होते.

१७/
त्याहून अवघड गोष्ट ‘रिॲक्शन’ची. उपचार चालू असताना, कधी तो संपल्यावरही, अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते, मनगट किंवा पाऊल लुळे पडते. हे जंतूंविरुद्ध शरीराने केलेले बंड असते, औषधाचा दोष नव्हे. अशा वेळी गोळ्या सोडायच्या नसतात; तातडीने दवाखाना गाठायचा असतो. वेळेत स्टेरॉइड मिळाले तर नस वाचू शकते. अंगणात सुजलेला हात घेऊन बसलेल्या माणसाला हे ठाऊक आहे की नाही, एवढ्यावर त्याचा पंजा पुढे चालणार की नाही हे ठरते.

१८/
डिसेंबर २००५ मध्ये, दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण या निकषावर, देशपातळीवर कुष्ठरोगाचे ‘दूरीकरण’ झाल्याचे जाहीर झाले. याच वर्षांत स्वतंत्र कुष्ठरोग यंत्रणा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. तत्त्व योग्यच होते. रुग्ण वेगळ्या दारातून जाऊ नये. पण सायकलवरून फिरणारा आणि अर्धा तास बसून बोलणारा तो ‘अवैद्यकीय’ माणूस त्यात विरळ झाला. ते काम आता बरेचसे आशाताईंकडे आहे, इतर डझनभर कामांबरोबर.

१९/
कायदा या साऱ्याच्या मागून आला. रुग्णाने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. समजून दिलेल्या संमतीशिवाय शस्त्रक्रिया नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले. १८९८ चा कायदा केंद्राने रद्द केला तो २०१६ मध्ये. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण उरले नाही ते २०१९ पासून.

२०/
आजचे पनवेल १८५२ च्या नगरपालिकेचे गाव राहिलेले नाही. २०१६ पासून ती महापालिका आहे. बांधकामावर उत्तर प्रदेशचा, बिहारचा, कलबुर्गीचा मजूर आहे, डोंगराच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकर वाड्या आहेत. कागद इंग्रजीत, डॉक्टर मराठी-हिंदीत, रुग्ण तिसऱ्याच भाषेत. सुन्न चट्टा यांपैकी कोणाच्याही पाठीवर असू शकतो. त्याला डोळे मिटायला सांगून कापसाची वात टेकवायला दोन मिनिटे लागतात. लाल लघवी, काळी कातडी आणि सुजलेली नस या तीन गोष्टी त्याच्या भाषेत सांगून, त्याच्याकडून त्या परत वदवून घ्यायला आणखी दहा.