‘जीन’ : एका आखूड इंग्रजी शब्दाचा वऱ्हाडी इतिहास

प्रस्तावना
नाणी, शिलालेख व दप्तरे यांप्रमाणेच शब्द हेही इतिहासाचे साधन होय. वऱ्हाडी बोलीत रुळलेल्या ‘जीन’ या शब्दाचा उगम व अर्थांतर यांचा विचार प्रस्तुत लघुनिबंधात केला आहे.

उगम
इंग्रजीत या उच्चाराचे दोन भिन्न कुळांतील शब्द आहेत. मद्यवाचक ‘जीन’ लॅटिन ‘जुनिपेरस’ या वनस्पतिनामापासून डच ‘जेनेव्हर’मार्गे आला. यंत्रवाचक ‘जीन’चे मूळ लॅटिन ‘इंजेनियम’ म्हणजे उपजत बुद्धी. फ्रेंचमधून येताना आद्याक्षर गळाले आणि युक्ती, सापळा, यंत्र असे अर्थ त्याला लाभले. ‘इंजिन’ हे त्याचे सख्खे भावंड. मराठीत खोगीर या अर्थाचा ‘जीन’ मात्र फारसी, तर जैन परंपरेतील ‘जिन’ संस्कृत ‘जि’ धातूपासून बनलेला आहे. केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरविणे किती धोक्याचे, हे यावरून ध्यानी येते.

वऱ्हाडातील अर्थांतर
एली व्हिटनी याला 1794 मध्ये कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. तत्पूर्वी कितीतरी काळ भारतात हेच काम लाटांच्या हातरेच्यावर होत असे. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अमेरिकन यादवी युद्धाने (1861-65) येथील कापसाला मागणी वाढली व 1867 पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला. पुढे वाफेवरील जिने उभी राहिली. इंग्रजीत यंत्रापुरता असलेला हा शब्द वऱ्हाडात वजनकाटा, गंजी, मजूर यांसह संपूर्ण कारखान्याचा वाचक झाला. ‘कापूस जिनात नेला’ हा प्रयोग त्याचीच साक्ष देतो.

या अर्थविस्तारामागे एक विस्थापन दडले आहे. रेचा घरी होता, तोवर सरकी घरीच राहून पेरणीस व गुरांस उपयोगी पडे. जिनात निरनिराळ्या वाणांची सरकी एकत्र होऊ लागली आणि बियाण्याची शुद्धता ढासळली. भेसळीस आळा घालण्यासाठी 1925 चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. घरच्या रेच्याचे काम मात्र परतले नाही.

निष्कर्ष
‘रेचा’ मागे पडून ‘जीन’ रूढ होणे हे श्रम व बियाणे घरातून कारखान्यात गेल्याचे द्योतक आहे. आज वाशिम जिल्ह्यात सोयाबीनचे प्राबल्य आहे. अशा वेळी आसेगावसारख्या गावांतील वृद्धांच्या तोंडची कापूसविषयक शब्दसंपदा नोंदवून ठेवणे ही स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांची तातडीची जबाबदारी ठरते.