तिकीट कापल्यानंतर

ऑक्टोबर २०१९च्या पहिल्या आठवड्यात नागपूर जिल्ह्यातल्या राजकीय गप्पा एकाच प्रश्नावर येऊन थांबत होत्या: बावनकुळेंचं काय होणार? चंद्रशेखर बावनकुळे २००४पासून सलग तीनदा कामठीतून निवडून आलेले. राज्याचे ऊर्जामंत्री, नागपूरचे पालकमंत्री. ४ ऑक्टोबर हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. तो उजाडला तरी भाजपच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं आणि अखेर कामठीचा एबी फॉर्म मिळाला टेकचंद सावरकरांना.

त्याच निवडणुकीत शेजारच्या भंडारा जिल्ह्यात तुमसरचे भाजप आमदार चरण वाघमारे यांचंही तिकीट कापलं गेलं. पक्ष एक, विभाग एक, दोघंही विद्यमान आमदार. बावनकुळे गप्प राहिले आणि पक्षाच्या कामाला लागले. वाघमारे अपक्ष म्हणून उभे राहिले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तुमसरमध्ये राष्ट्रवादीचे राजू कारेमोरे जिंकले. बावनकुळे २०२१मध्ये विधान परिषदेवर गेले, २०२२मध्ये प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४मध्ये पुन्हा कामठीतूनच आमदार होऊन महसूलमंत्री झाले. यातून निघणारं तात्पर्य आपल्याकडे कार्यकर्त्यांना नेहमी ऐकवलं जातं: सबुरी धरा, बंडखोरी करू नका.

पण तुमसरच्या निकालात आणखी एक गोष्ट होती. वाघमारे दुसऱ्या क्रमांकावर होते आणि भाजपचे अधिकृत उमेदवार तिसऱ्या. म्हणजे पक्षाने ज्याला नाकारलं, त्याला पक्षाने निवडलेल्या माणसापेक्षा जास्त मतं पडली. उमेदवार कोण असावा, हे त्या मतदारांना आधी कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी आपलं मत थेट अंतिम निवडणुकीत नोंदवलं. तिथे ते नोंदवण्याची किंमत म्हणजे जागा गेली.

हा प्रश्न आधी विचारण्याची पद्धत जगात आहे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार बहुतेक ठिकाणी पक्षाचे मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवतात. विद्यमान सिनेटरलाही त्यातून जावं लागतं. २००६ साली कनेक्टिकट राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर जो लीबरमन त्यात हरले. साधासुधा माणूस नव्हे. २०००मध्ये अल गोर यांच्याबरोबर उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. पण इराक युद्धाला त्यांनी दिलेला पाठिंबा पक्षाच्या मतदारांना पटला नाही आणि ८ ऑगस्टला नेड लॅमाँट या नवख्या उमेदवाराने त्यांना सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी हरवलं. लीबरमन थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मतदारांच्या सह्यांचे कागद दाखल केले आणि स्वतःच्या नावाच्या आघाडीवर उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन मतदारांनी आपला उमेदवार सोडून त्यांना मतं दिली. ते जवळपास ५० टक्के मतं घेऊन जिंकले, लॅमाँट ४० टक्क्यांवर राहिले.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत असं करता येत नाही. प्राथमिक फेरीत हरलेल्याला त्याच निवडणुकीत पुन्हा मतपत्रिकेवर येण्यापासून कायदा अडवतो. कनेक्टिकटमध्ये तसा अडसर नव्हता. लीबरमन यांचं बंड म्हणूनच वादग्रस्त ठरलं: मतदारांनी एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा कशाला विचारायचं?

आपल्याकडे नेमकी उलट स्थिती आहे. इथे पहिल्यांदाच कोणी विचारत नाही. पक्ष ज्याला सह्यांचा अधिकार देतो त्याचं नाव ए फॉर्मवर, उमेदवाराचं नाव बी फॉर्मवर, आणि हे दोन्ही कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचले पाहिजेत. निवडीचा सगळा पुरावा एवढाच. सही मुंबईत झाली की दिल्लीत, कोणाला विचारून झाली, याची नोंद कुठेच लागत नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा. म्हणजे बंडखोरीच्या वाटेवर कायद्याचा अडसर फार नाही. पक्षांतरबंदी कायद्याची भीतीही कार्यकाळाच्या शेवटी उरत नाही, कारण सभागृहाची मुदतच संपत आलेली असते.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडचा बंडखोर विद्यमान आमदार-खासदार आणि लीबरमन यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. लीबरमन मतदारांच्या निकालाविरुद्ध पुन्हा मतदारांकडे गेले. आपला बंडखोर बंद खोलीतल्या निकालाविरुद्ध पहिल्यांदा मतदारांकडे जातो. आपली प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी एकाच दिवशी, एकाच मतदान यंत्रावर होते.

याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ठळक उदाहरण विदर्भातलं नाही, कोल्हापूरचं आहे. सदाशिवराव मंडलिक १९९८मध्ये काँग्रेसतर्फे आणि १९९९ व २००४मध्ये राष्ट्रवादीतर्फे तिथून लोकसभेवर गेले. २००९मध्ये पक्षाने त्यांना बाजूला सारलं आणि राजर्षी शाहूंच्या घराण्यातले संभाजीराजे छत्रपती यांना उमेदवारी दिली. मंडलिक पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. समोर शरद पवारांचा पक्ष, काँग्रेसशी झालेली आघाडी, छत्रपतींचं नाव आणि एकेकाळी ज्यांना राजकारणात हात दिला ते हसन मुश्रीफ. मंडलिकांनी अपक्ष अर्ज भरला. १६ मे २००९ला निकाल लागला तेव्हा त्यांना ४ लाख २८ हजारांच्या आसपास मतं होती आणि संभाजीराजेंवर सुमारे ४५ हजारांची आघाडी. शिवसेनेचा उमेदवार बराच मागे, तिसरा.

लोकसभेच्या मतदारसंघात अपक्षाने जिंकणं किती कठीण असतं, हे वेगळं सांगायला नको. चिन्ह मिळतं ते माघारीची मुदत संपल्यावर. ते पंधरा दिवसांत वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचवायचं. मंडलिकांना ते जमलं, कारण पक्ष गेला तरी त्यांच्याजवळ बरंच काही उरलं होतं. कागल तालुक्यात अनेक दशकांचा गट, हमीदवाड्याचा सहकारी साखर कारखाना, गावोगावी पिढ्यांपासून मंडलिक गटाचे म्हणून ओळखले जाणारे लोक. यंत्रणा पक्षाची नव्हती, त्यांची होती. पक्षाचं फक्त चिन्ह होतं.

नागपूर जिल्ह्याने हे त्याआधीच पाहिलं होतं. १९९५च्या विधानसभेत राज्यभरातून ४५ अपक्ष निवडून आले, त्यातले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर. काँग्रेस ८० जागांवर आली आणि अपक्षांच्या मदतीने युतीचं सरकार बनलं. काटोलमधून अनिल देशमुख अपक्ष म्हणून जिंकले आणि त्या सरकारात राज्यमंत्री झाले. अलीकडे २०१९मध्ये रामटेकची जागा युतीत भाजपकडे गेली, तेव्हा शिवसेनेचे तीन वेळचे माजी आमदार आशीष जयस्वाल अपक्ष लढले आणि भाजपच्या विद्यमान आमदाराला हरवून विधानसभेत गेले. पुढच्याच निवडणुकीत जयस्वाल शिंदेंच्या शिवसेनेचे अधिकृत उमेदवार होते आणि दुसऱ्या क्रमांकावर होते काँग्रेसचे बंडखोर राजेंद्र मुळक. महाविकास आघाडीने ज्याला उमेदवारी दिली होती, तो मुळकांच्याही मागे राहिला.

प्राथमिक फेरी स्वतंत्रपणे घेऊन पाहावी, असा प्रयोग आपल्याकडे अगदी झालाच नाही असं नाही. २०१४च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतलं. त्यात नागपूरला लागून असलेलं वर्धा होतं. विद्यमान खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात लढत झाली. मेघे जिंकले. मत देणारे होते पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते, सामान्य मतदार नव्हे. लोकसभेत भाजपच्या रामदास तडस यांनी सागर मेघेंना दोन लाखांहून अधिक मतांनी हरवलं. त्याच वर्षी मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं. २०१९मध्ये काँग्रेसने वर्ध्याची उमेदवारी चारुलता टोकस यांना दिली, ती मात्र नेहमीच्या पद्धतीने, वरून. प्रयोग तिथेच संपला.

वर्ध्याचा हा निकाल पाहून काहीजण म्हणतात, बघा, आपल्याकडे हे चालत नाही. मला त्यातून वेगळं दिसतं. मतदान कागदावर खुलं होतं, पण जिंकलं ते शिक्षणसंस्थांचं जाळं आणि खासदारकी ज्या घरात होती तेच घर. फेरी घेतली म्हणून यंत्रणेची ताकद कमी होत नाही. लीबरमन यांनाही पैसा, नाव आणि १८ वर्षांची सिनेटरकी होतीच.

तीच गोष्ट बंडखोरीची. मतदारांकडे दाद मागण्याचा हक्क कायद्याने सगळ्यांना आहे, दहा सूचक आणि अनामत रक्कम एवढीच अट. प्रत्यक्षात ती दाद ज्यांची ऐकली जाते त्यांच्याजवळ कारखाना, बँक, संस्था किंवा जुना गट असतो. पंधरा वर्षं बूथवर बसलेल्या कार्यकर्त्याचं नाव यादीत आलं नाही, तर त्याच्या अपक्ष अर्जाची बातमी माघारीच्या दिवसापर्यंतच टिकते. बरेचदा तोही माघार घेतो.

अपक्ष जिंकला तरी त्याच्या हाती पूर्ण स्वातंत्र्य येत नाही. दहाव्या परिशिष्टाप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात गेला तर त्याचं सदस्यत्व जातं. त्यामुळे तो ‘पाठिंबा’ देतो. मंडलिकांनी दिल्लीत काँग्रेसला साथ दिली, देशमुखांनी मुंबईत युतीला. आणि पक्षही फार काळ रुसत नाहीत. जिंकणारा माणूस बाहेर ठेवणं कोणालाच परवडत नाही. मंडलिकांचे पुत्र संजय मंडलिक २०१९मध्ये शिवसेनेतर्फे कोल्हापूरचे खासदार झाले. २०२४मध्ये त्यांना हरवलं ते काँग्रेसच्या शाहू छत्रपतींनी, म्हणजे २००९मध्ये हरलेल्या संभाजीराजेंच्या वडिलांनी.

बंडखोराला गद्दार म्हणायचं की लोकांचा माणूस, हे आपण त्याच्या निकालावरून ठरवतो. जिंकला तर ‘जनतेने दाखवून दिलं’, हरला तर ‘पक्षाशी दगा केला’. मंडलिक आणि वाघमारे यांनी केलं ते एकच होतं. दोघांनीही मतदारांना तो प्रश्न विचारला, जो त्यांच्या पक्षांनी विचारायला हवा होता. तो आधी विचारण्याची सोय पक्षांनी केली नाही, तर पुढच्या प्रत्येक यादीनंतर तो मतदानाच्या दिवशीच विचारला जाईल. तोही फक्त ज्यांना परवडतो त्यांच्याकडून.