तहनाम्यांतील एक विशेषण



इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नवा शब्द अडला कीं तो कोश उघडतो. त्या शब्दापुढें स्वभाषेंतील एक प्रतिशब्द दिलेला असतो; तेवढ्यावरून अर्थ कळला असें मानून तो कोश मिटतो. नामांच्या बाबतींत हें बहुधा निभावून जातें. विशेषणांचें तसें नाहीं. बोलणारा समोरच्यास मान देतो कीं कमी लेखतो, हेंहि विशेषण सांगून जातें. हा दुसरा अर्थ हुकला म्हणजे काय होतें, याचें एक मोठें उदाहरण चीनच्या इतिहासांत आहे. तें इंग्रजी विशेषण म्हणजे ‘बार्बेरियन’, आणि त्याच्याशीं जोडला गेलेला चिनी शब्द म्हणजे ‘यी’.

‘बार्बेरियन’चें मूळ ग्रीक भाषेंत आहे. ज्याची बोली आपल्याला ‘बर् बर्’ अशी निरर्थक वाटते तो, एवढाच त्याचा प्रारंभींचा अर्थ. परंतु इंग्रजींत रूढ होईपर्यंत त्याला रानटीपणाचा व क्रौर्याचा वास लागला होता. एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजाला तो शब्द शिवीसारखाच लागे.

‘यी’ची गोष्ट निराळी होती. प्राचीन काळीं चीनच्या पूर्वेकडील लोकांना हें नांव असे. पुढें तें परकीयांस सरसकट लावण्यांत येऊं लागलें. त्यांत तुच्छता मुळींच नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. परंतु निव्वळ शिवी म्हणूनहि तो शब्द नव्हता. आपल्याकडील ‘म्लेच्छ’ शब्द आठवावा, म्हणजे हें ध्यानांत येईल. यवन म्लेच्छ खरे, तरी ज्योतिषशास्त्रांतील त्यांच्या ज्ञानामुळें ते ऋषींप्रमाणें पूज्य ठरतात, असें वराहमिहिरानें म्हटलें आहे. चीनमध्येंहि मेन्शियसनें शुन राजाला पूर्वेकडील ‘यी’ व वेन राजाला पश्चिमेकडील ‘यी’ म्हटलें. आणि हे दोघेहि चिनी लोकांचे आदर्श राजे! पुढें मांचू वंशाचा सम्राट युंग-चेंग यानें सन १७३० मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच आधार घेऊन, आपण ‘यी’ असलों तरी त्यांत कमीपणा नाहीं, असें प्रतिपादन केलें.

रॉबर्ट मॉरिसन हा मिशनरी सन १८०७ मध्यें कॅन्टनला आला. त्याच्या मोठ्या चिनी-इंग्रजी कोशाचा आरंभ सन १८१५ मध्यें झाला. त्या कोशांत ‘यी’ लोक म्हणजे परदेशी लोक, असा साधा अर्थ दिलेला आहे. पण थोड्याच वर्षांत वारें फिरलें. सन १८३२ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचा लिंडसे नांवाचा गृहस्थ, गुट्झ्लाफ या मिशनऱ्यास दुभाषी म्हणून बरोबर घेऊन, शांघायला गेला. तेथील वू नांवाच्या अधिकाऱ्याच्या लेखांत ‘यी’ शब्द दिसतांच त्यानें हरकत घेतली. वूनें मेन्शियसचा तोच दाखला दिला. पण लिंडसेचें समाधान झालें नाहीं.

सन १८३४ मध्यें इंग्रजी व्यापाराचा अधीक्षक म्हणून लॉर्ड नेपियर परवान्यावांचून कॅन्टनमध्यें शिरला. चिनी हुकुमांत त्याला ‘यी-मु’ म्हटलें होतें. ‘मु’ म्हणजे डोळा, तसाच म्होरक्याहि. परंतु भाषांतर झालें ‘रानटी डोळा’! परकीयांचा प्रमुख हा सरळ अर्थ बाजूला राहिला, आणि नेपियरला तो आपल्या राजाचा अपमान वाटला. व्यापार बंद पडला, तोफा उडाल्या, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नेपियर मकाव येथें तापानें वारला. बारा वर्षांचा असतां मॅकार्टनेच्या वकिलातीबरोबर चीनला गेलेला व चिनी भाषा उत्तम जाणणारा जॉर्ज स्टॉन्टन यानें सन १८३६ मध्यें या भाषांतरास जाहीर आक्षेप घेतला, पण व्यर्थ.

एका शब्दामुळें युद्ध पेटलें, असें मात्र कोणीं समजूं नये. सन १८३९ ते १८४२ च्या युद्धाचें कारण अफू व व्यापार हेंच होतें, आणि त्या अफूपैकीं माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरांतून जात असे. अफूसाठीं लढावयाचें असें उघड म्हणण्यापेक्षां मानहानीसाठीं लढावयाचें असें म्हणणें सोयीचें असतें. तें काम या विशेषणानें केलें.

पुढें दुसरें युद्ध चालू असतां, सन १८५८ च्या जून महिन्यांत तिएन्त्सिनचा तह झाला. त्याच्या ५१ व्या कलमानें, चिनी अधिकाऱ्यांनीं आपल्या सरकारी कागदपत्रांत इंग्रज सरकारास किंवा प्रजेस ‘यी’ हें अक्षर लावूं नये, असें ठरलें. त्याच्या आधींचें ५० वें कलम अधिक मासलेवाईक आहे: इंग्रजी व चिनी मजकुरांत अर्थभेद निघाल्यास इंग्रजी मजकुराचा अर्थ खरा धरावा! चिनी शब्दाचा अर्थ काय, याचा निवाडा आतां चिनी पंडितांकडे राहिला नाहीं.

मग इंग्रजी शिकण्यावांचून चिनी दरबारास गत्यंतर उरलें नाहीं. सन १८६२ मध्यें पेकिंग येथें ‘तुंगवेन क्वान’ नांवाची सरकारी भाषाशाळा निघाली व तिच्यांत प्रथम इंग्रजीच शिकवूं लागले. परकीयांसाठीं ‘यी’ ऐवजीं समुद्रापलीकडील या अर्थाचा ‘यांग’ शब्द अधिकाधिक प्रचारांत आला. म्हणजे परक्याचें एक विशेषण नीट न उमगल्याची किंमत देऊन झाल्यावर, चीननें त्याची भाषा शिकण्यास आरंभ केला.

मी आयुष्यभर मुलांना शब्दार्थ पाठ करावयास लावले. तें चुकलें असें नव्हे. पण अपुरें होतें. विशेषण समोर आलें म्हणजे, तें कोणीं, कोणाला आणि कोणत्या प्रसंगीं म्हटलें, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यानें आधीं विचारावे. कॅन्टनच्या दुभाष्यांनीं ते विचारले असते, तर युद्ध कदाचित् टळलें नसतें. परंतु युद्धास एक सोज्वळ निमित्त तरी मिळालें नसतें.